‘कशासाठी’चा रकाना

स्मरणिकेसाठी लेख पाठवावा, असे पत्र शाळेकडून आले तेव्हा मनात प्रथम आले ते नेहमीचेच विषय : पहाटेची वंदना, हिवाळ्यातील थंड पाण्याची आंघोळ, भोजनगृहातील पंगत, भन्तेजींची रविवारची धम्मदेसना. या विषयांवर माझ्यापेक्षा अधिक अधिकाराने लिहिणारे ज्येष्ठ बंधुभगिनी या अंकात असणारच. म्हणून मी त्या वाटेला जात नाही. मी माझ्या पहिल्या लॅपटॉपविषयी लिहिणार आहे. शाळेच्या स्मरणिकेत लॅपटॉपचे काय काम, असे वाचकांना वाटेल. पण तो लॅपटॉप कधी घ्यावा, या एका प्रश्नावर मी २०२२ सालचे तीन महिने घालवले आणि त्या तीन महिन्यांत मला शाळेतील एक वही वारंवार आठवत राहिली.

वसतिगृहात राहिलेल्या प्रत्येकाला ती वही ठाऊक आहे. पालक भेटीला येत, जाताना शंभर-दोनशे रुपये वॉर्डन सरांकडे ठेवून जात. त्या पैशांची नोंद खाऊच्या वहीत होई. रविवारी वंदना आटोपली की कार्यालयासमोर आमची रांग लागे. वहीत तारीख, रक्कम, कशासाठी आणि शिल्लक असे चार रकाने होते. सर पैसे देण्यापूर्वी तिसरा रकाना भरीत. आम्ही ‘दहा रुपये’ म्हटले की ते मान वर न करता विचारीत, ‘‘कशासाठी?’’ उत्तर मिळेपर्यंत पेन कागदाला टेकत नसे.

सातवीत असताना मला कंपासपेटी हवी होती. तालुक्याच्या आठवडी बाजारात ती पाच रुपयांनी स्वस्त मिळते, हे मला मोठ्या मुलांकडून कळले होते; म्हणून मी मोठ्या शहाणपणाने म्हणालो, ‘‘सर, बाजाराच्या दिवशी घेतो.’’ सरांनी विचारले, ‘‘भूमितीचा तास कधी आहे?’’ मी म्हणालो, ‘‘उद्या.’’ त्यांनी त्याच क्षणी पैसे काढून हातावर ठेवले आणि शाळेसमोरच्या दुकानात पिटाळले. माझ्या मागे उभ्या असलेल्या मुलाला चेंडू हवा होता. त्याला मात्र बाजाराच्या दिवसापर्यंत थांबायला सांगितले. तो महिनाभर माझ्यावर रुसून होता. दोघांना दोन न्याय का, हे तेव्हा मलाही कळले नव्हते.

दहावीनंतर मी पदविका केली. तिचे शेवटचे वर्ष टाळेबंदीत गेले. संगणकाची पदविका मी पाच इंचांच्या मोबाइलवर पूर्ण केली, असे सांगितले तर आज कोणाला खरे वाटणार नाही. पण त्या वर्षी माझ्यासारखे पुष्कळ होते. छपरावर चढून नेटवर्क मिळवायचे, एका बोटाने आज्ञावली टंकायची आणि ती चालते की नाही हे कळायला मित्राकडे पाठवायची. पुढे पुण्यात अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळाला. ते वर्ष महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेवर निभावले. तिसऱ्या वर्षापासून लघुप्रकल्प, ऑनलाइन चाचण्या आणि प्रशिक्षणाच्या संधी सुरू होणार होत्या. आता स्वतःचा लॅपटॉप हवा, हे मी मे महिन्यात घरी गेलो तेव्हा मायला सांगितले. ती काही बोलली नाही. जूनअखेरीस माझ्या खात्यावर पंचवीस हजार रुपये जमा झाले. बचत गटातून उचलले, एवढेच तिने फोनवर सांगितले.

माझ्याजवळ शिष्यवृत्तीतून वाचवलेले साडेअकरा हजार होते आणि उन्हाळ्यात मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करून मिळवलेले चार हजार. एकूण साडेचाळीस हजार. आमच्या घराच्या हिशेबाने ही फार मोठी रक्कम होती. ती चुकीच्या ठिकाणी गेली तर पुन्हा उभी राहणार नव्हती. म्हणून मी अभ्यासाला लागलो. म्हणजे लॅपटॉपच्या किमतींच्या अभ्यासाला.

जुन्या सवयीप्रमाणे एक वही केली. तीत चार यंत्रांची नावे लिहिली आणि रोज रात्री त्यांची त्या दिवसाची किंमत टिपू लागलो. पंधरा दिवसांतच काही गोष्टी स्पष्ट झाल्या. खोक्यावर छापलेली कमाल किरकोळ किंमत ही कोणी द्यायची किंमत नसतेच. ती सवलत मोठी दिसावी म्हणून असते. साठ हजार छापलेले यंत्र वर्षभर सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस हजारांनाच विकले जाते आणि सेलच्या दिवशी त्यावर ‘तीस टक्के सूट’ अशी पाटी लागते. ती सूट छापील किमतीवर असते. कालच्या किमतीच्या मानाने ती दहा-बारा टक्केच भरते. कालची किंमत ज्याने लिहून ठेवली आहे, त्यालाच हे कळते.

दुसरे असे की वर्षात स्वस्ताईचे ठरावीक हंगाम असतात. जून ते ऑगस्ट प्रवेशाच्या दिवसांतील विद्यार्थी-सवलती असतात. त्यांत पिशवी, माउस, वाढीव वॉरंटी अशा जोडवस्तू अधिक आणि रोख सूट कमी. ऑगस्टमध्ये स्वातंत्र्यदिनाच्या आणि जानेवारीत प्रजासत्ताकदिनाच्या निमित्ताने आठवडाभराचा सेल लागतो. मात्र सर्वांत मोठा हंगाम दसरा-दिवाळीचा. फ्लिपकार्टचा ‘बिग बिलियन डेज’ आणि अ‍ॅमेझॉनचा ‘ग्रेट इंडियन फेस्टिव्हल’ हे दोन्ही सेल एकमेकांच्या पाठोपाठ किंवा एकाच दिवशी सुरू होतात. शिवाय त्या वर्षाच्या सुरुवातीला इंटेलचे बाराव्या पिढीचे प्रोसेसर आले होते. नवा माल दुकानात लागला की अकराव्या पिढीचा जुना माल संपवण्याची विक्रेत्याला घाई होते. त्या अकराव्या पिढीच्या आय-५ प्रोसेसरचा, आठ जीबी मेमरीचा आणि ५१२ जीबी एसएसडीचा एक लॅपटॉप मी हेरून ठेवला. जुलैमध्ये त्याची किंमत ४६,९९० रुपये होती. दसऱ्याच्या सेलमध्ये तो माझ्या साडेचाळीस हजारांत येईल, असा माझा अंदाज होता. मी थांबायचे ठरवले.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. त्याच जुलैमध्ये आय-३ चा एक लॅपटॉप ३६,९९० रुपयांना मिळत होता. मेमरी तेवढीच, साठवण निम्मी. तिसऱ्या वर्षाचे बहुतेक काम त्यावर झाले असते. अँड्रॉइड स्टुडिओसारखे जड सॉफ्टवेअर तेवढे रडतखडत चालले असते. म्हणजे पैशांअभावी थांबणे मला भाग होते, असे नाही. मला आय-५ हवा होता. वर्गातील मुलांच्या यंत्रांवर तेच निळे लेबल होते. ही गोष्ट त्या वेळी मी वहीत लिहिली नाही.

आषाढी पौर्णिमा १३ जुलैला होती. माझा खोलीतील सोबती, तोही आपल्याच समाजातला, हसून म्हणाला, ‘‘भिक्खूंचा वर्षावास सुरू झाला आणि तुझाही. आता आश्विनाशिवाय तू जागचा हलत नाहीस.’’ थट्टा खरी ठरली. प्रयोगशाळा साडेपाचला बंद होई. त्यानंतर मी कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत जाई. तासाला तीस रुपये. आठवड्याचे तीन-चार तास धरा. उरलेले काम मोबाइलवर किंवा सोबत्याचा लॅपटॉप तो झोपल्यावर. तो कधी नाही म्हणाला नाही. मात्र परीक्षेच्या दिवसांत तो उशिरा झोपू लागला आणि मी न विचारताच काय ते समजलो.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात एका कंपनीने उन्हाळी प्रशिक्षणासाठी ऑनलाइन चाचणी ठेवली. कॅमेरा असलेला संगणक आवश्यक होता. सोबत्याचीही त्याच वेळी तीच चाचणी. मी कॅफेत बसलो. मागे मुले गेम खेळत होती. कॅमेऱ्यात दुसरा चेहरा दिसला की पडद्यावर इशारा येई. तिसऱ्या इशाऱ्यानंतर चाचणी आपोआप बंद पडली. माझे दोन प्रश्न सोडवून झाले होते, तिसरा अर्धा होता. स्वतःचे यंत्र असते तर मी उत्तीर्ण झालोच असतो असे म्हणणे खोटेपणाचे होईल. पण निदान नापास तरी झालो असतो. कॅफेतून बाहेर पडताना मालकाने एका तासाचेच पैसे घेतले. चाचणी चाळीस मिनिटांत संपली होती.

त्या रात्री वाटले, आत्ताच्या आत्ता आय-३ घेऊन टाकावा. पण सेल महिना-दीड महिन्यावर आला होता. इतके दिवस थांबलो ते वाया का घालवायचे, असे मन म्हणू लागले. थांबण्याचा हा एक विचित्र गुण आहे. जितके थांबावे तितके आणखी थांबणे शहाणपणाचे वाटू लागते.

सप्टेंबरात जाहिरातींचा पूर आला. आता आमच्या मजल्यावरची मुले माझ्याकडे सल्ल्याला येऊ लागली. कारण वही माझ्याकडे होती. मी त्यांना ‘पासून’ या शब्दापासून सावध करीत असे. ‘२९,९९० पासून’ असे लिहिलेले असते, त्यातील ते यंत्र चार जीबी मेमरीचे आणि जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कचे निघते. एकाच नावाखाली चार-पाच उपप्रकार असतात. सांकेतिक क्रमांकातील शेवटची अक्षरे बदलली की पडदा फिकट होतो किंवा मेमरी बोर्डालाच जोडलेली निघते, म्हणजे पुढे वाढवता येत नाही. म्हणून नाव पाहू नये, पूर्ण क्रमांक पाहावा. बँकेच्या कार्डावरील दहा टक्के सवलतीला वरची मर्यादा असते. चाळीस हजारांवर दहा टक्के म्हणजे चार हजार असे समजून बसलेल्याला प्रत्यक्षात दीड हजारच मिळतात. ‘बिनव्याजी हप्ता’ हाही पूर्ण बिनव्याजी नसतो. व्याजाएवढी रक्कम विक्रेता किमतीतून वजा करतो, बँक ते व्याज लावतेच, आणि त्या व्याजावर अठरा टक्के जीएसटी व प्रक्रिया शुल्क ग्राहकाच्या खिशातून जाते. रक्कम मोठी नसते. पण जे ‘शून्य’ म्हणून सांगितले जाते ते शून्य नसते, एवढे ठाऊक असावे.

एक मोह मात्र वहीत नव्हता. जुना लॅपटॉप बदलून नवा घेतला तर अधिक सूट मिळत होती. मजल्यावरील एकाने मार्ग सांगितला. भंगारातून पाचशे रुपयांना मेलेला लॅपटॉप आणायचा, अर्जात ‘चालू स्थितीत आहे’ यावर खूण करायची आणि घरपोच आणणाऱ्या मुलाच्या हातावर दोनशे ठेवायचे. तीन हजार सुटतात. ‘‘सगळेच करतात,’’ तो म्हणाला. मी एक रात्र या विचारात काढली. पंचशील लहानपणापासून रोज म्हणत आलो, म्हणून मी नकार दिला, असे लिहायला मला आवडले असते आणि स्मरणिकेलाही ते शोभले असते. खरे कारण भीती हे होते. त्या मुलाने खोके उघडून यंत्र चालू करून पाहिले तर? दारात उभे राहून काय बोलणार? अदिन्नादानाचा विचार आला तो दुसऱ्या दिवशी, भीती ओसरल्यावर. मग असेही वाटले की ते दोनशे रुपये घेऊन नोकरी धोक्यात घालणारा तो मुलगा आपल्यापैकीच कोणाचा तरी भाऊ असतो.

२३ सप्टेंबरला दोन्ही सेल सुरू झाले. माझ्याकडे क्रेडिट कार्ड नव्हते. हडपसरला नोकरी करणारे आपल्या शाळेचे एक दादा, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे, त्यांच्याकडे सवलतीचे कार्ड होते. मी संकोचत विचारले. ते म्हणाले, ‘‘पैसे आधी माझ्या खात्यावर टाक, मग मी देतो. उधार म्हणून नको. उधारीने आपले नाते बिघडायला नको.’’ हा रोखठोकपणा मला फार आवडला. मी साडेचाळीस हजार पाठवले. पहिल्या दिवशी माल चार मिनिटांत संपला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा दिसला : ४१,९९०. कार्डाचे दीड हजार वजा जाता ४०,४९०. दादांनी उरलेले दहा रुपये परत पाठवले. पाच दिवसांनी खोके आले. ते मी घरपोच आणणाऱ्या मुलासमोरच उघडले, क्रमांक जुळवला, बिल तपासले, यंत्र सुरू करून पाहिले. रात्री वहीत लिहिले : ४६,९९० वजा ४०,४९०, बचत ६,५००. खाली दोन रेघा ओढल्या.

त्या वर्षी अशोक विजयादशमी ५ ऑक्टोबरला होती. करोनाच्या दोन वर्षांनंतर दीक्षाभूमीवर पुन्हा पूर्ण गर्दी उसळणार, म्हणून आमच्या वस्तीतून दोन गाड्या भरून लोक नागपूरला आले. मी पुण्याहून रेल्वेने गेलो. माय दाखवायला सांगेल म्हणून लॅपटॉप पाठीवरच्या पिशवीत होता. स्तूपाला वंदन करून आम्ही पुस्तकांच्या दुकानांच्या बाजूला सावली पाहून बसलो. वस्तीतल्या चार-पाच बाया सोबत होत्या. मायने पदराला हात पुसले आणि यंत्राच्या झाकणावरून बोटे फिरवली. ‘‘कव्हा घेतलास?’’ तिने विचारले.

मी सेलची सगळी कथा सांगितली. तीन महिने किमती कशा टिपल्या, किती जणांना सल्ला दिला, साडेसहा हजार कसे वाचले. बाया कौतुकाने ऐकत होत्या. शेजारची मावशी मात्र मध्येच म्हणाली, ‘‘म्हंजे आखाडात नव्हता घेतला?’’

माय झटकन म्हणाली, ‘‘भाकरी सोडा आता, ऊन चढलं.’’ आणि डबा उघडू लागली. मावशी पुढे काही बोलली नाही. मला काही तरी चुकल्याची जाणीव झाली, पण काय ते कळेना.

दुपारी मायला एकटीला गाठून विचारले. तिने आधी टाळाटाळ केली. मग सांगितले. बचत गटाचे व्याज महिन्याला शेकडा दोन. मुद्दल कापूस विकल्यावर फेडायचे, व्याज मात्र दर महिन्याच्या बैठकीत. पंचवीस हजारांवर पाचशे रुपये ती जुलैपासून भरत होती. निंदणाच्या मजुरीतून. ‘‘गटाचं व्याज काय तुह्या सेलसाठी थांबते का राजा?’’ ती हसून म्हणाली. तिच्या स्वरात राग नव्हता, हेच मला लागले.

पण तेवढेच नव्हते. जून हा पेरणीचा महिना. त्या महिन्यात गटातील प्रत्येक बाईला पैसे हवे असतात आणि गटाजवळ सर्वांना पुरतील एवढे नसतात. त्या वेळी नंबर मावशीचा होता. मायने तिला सांगितले, पोराला महाविद्यालय सुरू होण्याआधी यंत्र लागते. मावशीने आपला नंबर सोडला आणि बियाणे-खत दुकानदाराकडून उधारीवर उचलले. दुकानदाराची उधारी म्हणजे काय, हे शेतीशी संबंध असलेल्या वाचकांना सांगायला नको. रोखीचा भाव वेगळा आणि उधारीचा वेगळा.

म्हणजे ज्या तीन महिन्यांत मी किमती टिपत होतो, त्या तीन महिन्यांत मावशीच्या हक्काचे पैसे माझ्या खात्यात नुसते पडून होते. मी सप्टेंबरात घेणार असे जूनमध्येच मायला सांगितले असते, तर मावशीने जूनमध्ये उचल घेतली असती आणि मायने पुढच्या फेरीत. मला सेलची तारीख ठाऊक नव्हती. महिना ठाऊक होता. सांगण्याचे सुचलेच नाही. माझ्या मते हा माझा आणि बाजाराचा व्यवहार होता.

संध्याकाळी मी मावशीकडे गेलो. ती वस्तीतल्या पोरांसाठी बाबासाहेबांचे फोटो आणि उजळणीची पुस्तके घेत होती. उधारीवर किती जास्त गेले, असे विचारले तर म्हणाली, ‘‘लेकराला लागते म्हणाली माय तुही, म्हून म्या म्हटलं घे तू आधी. आता त्याचा काय हिशेब काढतोस?’’ दुसऱ्यांदा विचारले तर रागावली. तिसऱ्यांदा विचारण्याची माझी हिंमत झाली नाही.

परतीच्या रेल्वेत मी वही काढली. साडेसहा हजारांखाली ओढलेल्या दोन रेघा खोडल्या. व्याजाचे तीन महिन्यांचे पंधराशे वजा केले. कॅफेच्या पावत्या नव्हत्या, पण तारखा होत्या. बेचाळीस तास भरले, म्हणजे १,२६०. राहिले ३,७४०. चाचणीसमोर आकडा लिहिता येईना. मावशीच्या नावासमोर आकडा असायला हवा होता, पण तो तिने दिला नाही.

भन्तेजी आम्हाला दीघजाणु सुत्त समजावून सांगत, ते तेव्हा आठवले. कोलियांच्या नगरातील दीघजाणु नावाचा गृहस्थ भगवंतांकडे येतो आणि म्हणतो, आम्ही संसारी माणसे, बायकामुलांत राहणारी. आमच्या सुखाचे काही सांगा. भगवान त्याला चार गोष्टी सांगतात. उद्योग, मिळवलेल्याचे रक्षण, चांगल्या माणसांची संगत आणि समजीविता, म्हणजे आय-व्यय जाणून बेताने जगणे. चौथ्या गोष्टीसाठी तराजूचा दृष्टांत आहे. तोलणाऱ्याला पारडे कितीने खाली गेले आणि कितीने वर आले हे ठाऊक असते. शाळेत हे ऐकताना मला वाटे की दोन्ही पारडी एकाच माणसाची असतात. माझ्या वहीत तरी तसेच होते. दुसऱ्या पारड्यात माय होती आणि मावशी होती आणि त्यांना तेथे मीच बसवले होते, हे मला तोलताना दिसले नाही.

वॉर्डन सरांच्या वहीत ‘कशासाठी’चा रकाना रकमेनंतर आणि शिल्लकेआधी होता, हेही त्या प्रवासात लक्षात आले. माझ्या वहीत तो रकानाच नव्हता. यंत्राचे नाव, तारीख, किंमत, फरक एवढेच होते. तो असता तर कदाचित ऑगस्टच्या चाचणीची तारीख मी त्यात लिहिली असती. कदाचित निळे लेबलही लिहावे लागले असते.

आपल्याकडच्या भाषणांत बाबासाहेबांच्या न्यूयॉर्कमधील दिवसांचा उल्लेख नेहमी येतो. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले आणि पोटाला चिमटा घेऊन जुनी पुस्तके विकत घेत राहिले. मीही हे उदाहरण वक्तृत्व स्पर्धेत अनेकदा दिले आहे, हातवारे करून. त्या काटकसरीत पुस्तके स्वस्त मिळण्याला जेवढे महत्त्व होते त्याहून अधिक ती आज वाचायची आहेत याला होते, असा विचार स्पर्धेच्या व्यासपीठावर कधी आला नव्हता.

लॅपटॉप चांगला निघाला. माझा तिसऱ्या आणि चौथ्या वर्षाचा सर्व अभ्यास त्यावर झाला. पहिली नोकरीही त्यावरच दिलेल्या चाचणीतून लागली. आय-५ घेतला याचा पश्चात्ताप मला नाही, आणि थांबू नये असेही मी कोणाला सांगत नाही. सहा हजार रुपये हे आपल्या घरांत दोन महिन्यांचे किराणा असते. ते सोडून द्या असे सांगणारा मी कोण? पहिल्या पगारातून मी मावशीसाठी बियाण्याच्या दोन पिशव्या घेऊन गेलो. तिने एक ठेवून घेतली आणि एक गटातल्या दुसऱ्या बाईला दिली.

ते यंत्र नंतर माझ्या धाकट्या बहिणीकडे गेले. तीही आपल्याच शाळेची. दोनदा बॅटरी बदलली, बिजागरी सैल झाली आणि अखेर गेल्या पावसाळ्यात पडद्यावर आडव्या रेघा येऊ लागल्या. तिने फोन केला आणि पहिलाच प्रश्न विचारला, ‘‘दादा, यंदा सेल कधी आहे?’’

मी विचारले, ‘‘तुझा प्रकल्प कधी द्यायचा आहे?’’

‘‘डिसेंबरात. तोवर महाविद्यालयातला संगणक मिळतो, मी बाईंना विचारून ठेवलंय.’’

‘‘आणि पैसे?’’

‘‘अर्धे तुझे, अर्धे मायचे,’’ ती म्हणाली. मग थोडे थांबून म्हणाली, ‘‘मायनं अजून उचल घेतलेली नाही. मीच नको म्हटलं. यंदा जूनमधला नंबर मावशीचा होता.’’